तमाशापटातली नाचणारी बाई कोणाला तरी बुडवणारी किंवा कोणासाठी तरी जळणारीच का असते?

सातरस्तेकर

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्याने तमाशातल्या नाचणारीच्या नादी लागलेल्या गुरुजींचा 'पिंजरा' हा चित्रपट पुन्हा एकदा एकत्र बसून पाहिला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका घरात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एरवी पुस्तकांवरच बोलतो. या वेळी चित्रपट निवडला तो केवळ एका सदस्याच्या कपाटात जुनी सीडी सापडली म्हणून. चित्रपट संपल्यावर चर्चा अपेक्षेप्रमाणे गुरुजींभोवतीच फिरत राहिली. आदर्श माणसाचे पतन, श्रीराम लागूंचा चेहरा, राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द, यांवर तासभर बोलणे झाले आणि सगळे उठण्याच्या बेतात असताना कोपऱ्यात बसलेल्या माझ्या आईने विचारले, "त्या बाईच्या जिवावर किती माणसं जेवत होती, ते कुणी मोजलं का?"

आई माढा तालुक्यातली आणि आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या लहानपणी जत्रेत फड उतरला की घरातल्या बायकांना तंबूकडे फिरकण्याची मुभा नसे. त्या रात्री माळवदावर बसून लांबून येणारी ढोलकी ऐकत असत. म्हणजे तिने तमाशा ऐकला आहे, पाहिलेला नाही, आणि जिचे गाणे ऐकले तिचा चेहरा तिला पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर, तोही त्या बाईचा नव्हे, तर तिचे सोंग घेतलेल्या नटीचा.

तिच्या प्रश्नानंतर मी आठवतील तेवढे तमाशापट मनात चाळले. त्यांतली नाचणारी एक तर भल्या माणसाला नादी लावते, नाही तर भल्या माणसाच्या प्रेमात पडून त्याच्यासाठी स्वतःची राख करून घेते. दोन्हीकडे गोष्ट त्या माणसाचीच असते. ती सराव कधी करते, सुपारी, म्हणजे खेळाचा करार, कोण ठरवते, पैसे कोणाच्या हातात पडतात, तिची मुले कोठे शिकतात आणि पाय थकल्यावर ती काय खाते, यातले काहीच कॅमेऱ्याला दिसत नाही. हा साचा आपल्याच मातीतला आहे की बाहेरून आणलेला आहे? आणि तिच्या बाजूला उभे राहून केलेले चित्रण, मग तो चित्रपट असो वा पुस्तक, कोणते आहे? पुढच्या बैठकीत या विषयावर वीस मिनिटे बोलण्याचे मी कबूल करून बसलो आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

रीळवाला

सर, मी या शहरातल्या एका चित्रपटगृहात बावीस वर्षे मशीन चालवली, त्यामुळे माझे ज्ञान पुस्तकी नाही, पण 'पिंजरा' मी बहुधा दिग्दर्शकापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल.

त्या चित्रपटापुरते सांगायचे, तर साचा बाहेरचा आहे. १९३० मध्ये जर्मनीत 'द ब्लू एंजल' नावाचा बोलपट निघाला. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग त्याचे दिग्दर्शक होते, मार्लेन डीट्रिश ही त्यात लोला नावाची कॅबरे गायिका झाली होती आणि मूळ कथा हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या कादंबरीतली होती. एक कडक मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना त्या नाचगृहापासून सोडवायला जातो आणि स्वतःच अडकतो. तिच्याशी लग्न करतो, तिच्याच मंडळीत विदूषक होतो, आपल्या गावातल्या लोकांसमोर त्याचे हसे होते आणि शेवटी तो रात्री शाळेत शिरून आपल्या जुन्या टेबलाला मिठी मारून प्राण सोडतो. ही चौकट १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांनी घेतली आणि शंकर पाटलांनी तिला आपल्याकडच्या गावाची बोली दिली.

मात्र शेवटाकडे लक्ष द्या. जर्मन चित्रपटात मास्तर मरत असतो आणि तिकडे लोला खुर्चीवर बसून आपले गाणे म्हणत असते. तिला पश्चात्ताप नाही, कारण तिच्या हिशेबी तिने कोणाला फसवलेलेच नाही. गाणे हे तिचे काम आहे आणि काम चालू आहे. आपल्याकडे हे चालणार नव्हते. 'पिंजरा'तल्या नाचणाऱ्या चंद्रकलेचे मन पालटावे लागते, तिला प्रेमात पडून दुःख भोगावे लागते, आणि गुरुजी तर गावाच्या मनातली मूर्ती भंगू नये म्हणून स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातात. त्यामुळे माझे म्हणणे असे, की पतनाची गोष्ट जर्मनीची असली तरी बाईला पस्तावायला लावण्याची गरज आपली स्वतःची आहे, आणि तुमच्या वीस मिनिटांत त्या गरजेबद्दलच बोलावे.

त्या गरजेचे मूळ फार मागे जाते. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही आणि तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात संगीत नाटकात बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहत आणि पांढरपेशा घरांतल्या बायका त्यांचे पाहून साडी नेसायला व दागिने घालायला शिकत. बाईचे सोंग घेतलेल्या पुरुषाला मान होता, पण स्वतः बाई म्हणून उभी राहिलेली स्त्री वाया गेलेली मानली जात होती. तमाशात तर ती तोवर उभी राहिलेली होती. पवळाबाई हिवरगावकर आणि पठ्ठे बापूराव यांचा फड गाजला तो याच सुमारास.

१९५९ चा 'सांगत्ये ऐका' मी थोडा वेगळा धरतो. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला आणि त्याच्यामागे तमाशापटांची रांग लागली. त्यात नायिका स्वतः 'सांगत्ये ऐका' म्हणते आणि गावच्या पाटलाचे पाप बाहेर येते. म्हणजे निदान बोलण्याचा हक्क तरी तिच्याकडे आहे. पुढच्या रांगेने त्यातला ढोलकीचा ठेका उचलला, ते बोलणे मात्र मागेच राहिले.

एक आठवण सांगून थांबतो. लावणीचे रीळ चढवले की पहिल्या रांगांतून पडद्यावर चिल्लर फेकली जायची. खेळ संपल्यावर झाडणारा मुलगा ती गोळा करायचा आणि त्या दिवशीचा त्याचा चहा-भजी त्यात सुटायचा. फडावर फेकलेला पैसा बाईच्या पोटाला लागतो आणि पडद्यावर फेकलेला झाडणाऱ्याला मिळतो, हे मला त्या वेळी फक्त गमतीचे वाटत असे.

मोडनिंबची लेक

सातरस्तेकर सर आणि रीळवाले काका, तुम्हा दोघांचे लेखन वाचून मी प्रथमच येथे लिहीत आहे. माझी आत्या तीसएक वर्षे संगीतबारीत नाचली. पुणे-सोलापूर रस्त्यावर मोडनिंबला जी कलाकेंद्रे आहेत, त्यांपैकी एकात तिची स्वतःची पार्टी होती. तुमच्या आईंनी जो प्रश्न विचारला, त्याचे तिच्यापुरते उत्तर चौदा असे आहे. चौदा माणसे जेवत होती आणि त्यात माझी शाळेची फीही होती.

चित्रपटवाले पहिली गल्लत करतात ती ढोलकीफड आणि संगीतबारी यांच्यात. ढोलकीफड गावोगाव फिरतो, त्यात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो, सोंगाड्या असतो, आणि जत्रांच्या हंगामासाठी गावकरी नारायणगावच्या राहुट्यांवर येऊन सुपारी देतात. संगीतबारी एका जागी असते. तेथे एकेका पार्टीच्या खोल्या असतात, पेटी, तबला आणि ढोलकी वाजवणारे पुरुष असतात आणि मालकीण बहुधा बाई असते. म्हणजे आत्याच्या खोलीत पुरुष पगारावर होते आणि हिशेबाची वही बाईच्या उशाखाली होती. हे दृश्य मी एकाही चित्रपटात पाहिलेले नाही. पडद्यावर मात्र तीसचाळीस मुली एका रंगाच्या नऊवारीत एका वेळी गिरकी घेतात, आणि त्यालाच बारी म्हणतात.

दुसरी गोष्ट दौलतजादाची. पडद्यावर तो मस्तवाल माणसाने उधळलेला पैसा असतो. आमच्याकडे तो मजुरीचा भाग होता. आलेल्या रकमेतून थिएटरमालकाचा वाटा, वादकांचा वाटा, नाचणाऱ्या मुलींचा वाटा ठरल्याप्रमाणे निघत असे, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक नसले की सगळ्यांनाच उधारीवर राहावे लागे. पैसे घेण्यासाठी पुढे जाणे, हसणे आणि हाताला हात न लागू देता परत येणे हे आत्याच्या मते नाचाइतकेच शिकावे लागणारे काम होते. ती म्हणते, की मला बैठकीच्या लावणीत एका ओळीवर सात वेगवेगळ्या अदा करता येत, पण त्या सात अदांपेक्षा ते तीन पावलांचे जाणे-येणे अवघड होते.

'पिंजरा' आम्ही दूरदर्शनवर एकत्र पाहिला होता. नायिका पायात चाळ बांधून शेतातून पळत सुटली, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, आधी चाळ सोड. एवढ्या वजनानं घोटा जाईल." घरात हशा पिकला. तिला त्या बाईचे प्रेम दिसत नव्हते, घोटा दिसत होता, कारण नाचणारीचे भांडवल तेवढेच असते.

आता थोडे कडू. आत्याच्या मुलाला शाळेत घालताना वडिलांच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचे, यावर त्या शाळेतल्या एका बाईंनी सगळ्या रांगेसमोर विचारपूस केली. जिच्या पायात चाळ बांधले गेले तिचे लग्न होत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे मुले आईच्या नावाने वाढतात. पुढे सोलापुरात भाड्याने घर पाहताना 'काय करता' या प्रश्नाला खरे उत्तर दिले की घर नुकतेच दुसऱ्याला दिलेले निघायचे. मजेची गोष्ट अशी, की त्यातल्या एका घरमालकाच्या बैठकीत लावणीच्या कॅसेटी मांडलेल्या होत्या.

आणि सर, विठाबाईंना विसरू नका. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा आणि आपल्याच पंढरपूरचा. प्रयोग चालू असताना पोटात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत तमाशातली सगळी माणसे सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला आणि शेवटची वर्षे मात्र हलाखीत गेली. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. आता शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या आयुष्यात कोणी मास्तर बुडालेला नाही, म्हणूनच कदाचित त्याचा 'पिंजरा' झाला नाही.

पार्क चौक

मोडनिंबच्या ताईंनी लिहिले ते मोलाचे आहे आणि त्यात मला शंका नाही. तरीही एक सावधगिरी सुचवतो. मोहिनीचा साचा मोडण्याच्या भरात आपण कष्टाळू, स्वाभिमानी कलावंतीण हा दुसरा साचा उभा करू नये, कारण त्या साच्यात शोषण दिसेनासे होते.

किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आपल्याच जिल्ह्यातले आहे. नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर होतो, आणि ज्या आईचे नाव तो आपल्या नावात अभिमानाने लावतो, ती अभ्यासात हुशार असतानाही तिला शाळेतून काढून नाचायला लावणारे तिच्या घरातलेच लोक होते, हेही तो लिहितो. बाईच्या जिवावर चौदा माणसे जेवत होती, हे वाक्य अभिमानाचे आहे तसे आरोपाचेही आहे. त्या चौदांतले धडधाकट पुरुष किती होते, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. जातीचा मुद्दा तर चित्रपटांनी पुसूनच टाकला. कोल्हाटी, महार, मातंग समाजांतल्या बायकांची ही कला पडद्यावर येताना त्या बायकांना जात राहत नाही आणि भूमिका बाहेरच्या नट्यांकडे जातात. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात लावणी कलावंतिणींच्या संदर्भात जात आणि लैंगिकता यांची ही सांगड नेमकी दाखवली आहे.

कायद्याच्या अंगानेही पाहता येईल, कारण माझा व्यवसाय तो आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली, पण तारांकित हॉटेलांना सूट ठेवली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. जो नाच मोठ्या हॉटेलात चालतो तोच लहान बारमध्ये समाज बिघडवतो, हे न्यायालयाला पटले नाही. त्यानंतर २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्यात बाईच्या प्रतिष्ठेच्या रक्षणाची भाषा होती, आणि २०१९ मध्ये त्यातल्याही अनेक अटी टिकल्या नाहीत. इतक्या वर्षांत बघणाऱ्या पुरुषाचे काय करायचे, याची चर्चा किती झाली ते पाहावे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसा हा प्रकार आहे. 'पिंजरा'ही काही वेगळे सांगत नाही. मास्तर स्वतःच्या पायांनी फडावर गेला, पण पिंजरा मात्र तिचा ठरला.

चित्रपटांतून एकच नाव सुचवतो, ते 'भूमिका'. हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य अरुण साधूंकरवी शब्दबद्ध केले, त्याला आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचे 'सांगत्ये ऐका' हे नाव दिले, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये हा चित्रपट काढला. लहानपणापासून घर पोसणारी नटी, तिच्या कमाईवर बसलेला नवरा, आणि तरीही बदनाम तीच. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात बरेचसे आहे.

बाळीवेस

'नटरंग' राहिला की. त्यात अतुल कुलकर्णी, म्हणजे आपल्या सोलापुरात शिकलेला माणूस, नाच्या झाला आहे. बाईचे हावभाव केल्याबद्दल पुरुषाची जी विटंबना होते, ती पाहताना प्रेक्षक हळहळतो. तीच विटंबना बाई जन्मभर सोसते तेव्हा तो शिट्टी वाजवतो. जब्बार पटेल यांच्या 'एक होता विदूषक'मध्ये नाचणाऱ्या बाईचा मुलगा मध्यभागी आहे, तेही आपल्याकडचेच दिग्दर्शक.

आणि या सगळ्याच्या आधी राम जोशी. पेशवाईतला हा शाहीर सोलापूरचा, घर वेदशास्त्र जाणणाऱ्यांचे, आणि नाद लावणीचा. त्याच्यावर १९४७ मध्ये चित्रपट निघाला, त्यात बया या नायिकेची भूमिका हंसा वाडकरांनीच केली. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम ही नावे आपल्याला शाळेपासून पाठ असतात. लावणीत 'मी' म्हणून बोलते ती बाई, पण लिहिणारा पुरुष. आणि ज्या बायकांनी ती गाऊन जिवंत ठेवली, त्यांतल्या चार जणींची नावे सांगा म्हटले तर आपण डोके खाजवू. म्हणून हा साचा जर्मनीहून आला असे म्हणायला मी तयार नाही. बाईच्या तोंडी आपल्या मनातले घालण्याची सवय आपल्याला दोनशे वर्षांची आहे, चित्रपटाने तिला फक्त रंग दिला.

सातरस्तेकर

सर्वांचे आभार. बाळीवेस यांचा मुद्दा वाचून मी विषयाची मांडणी बदलली आहे. आधी 'पिंजरा' आणि 'ब्लू एंजल' यांचे शेवट शेजारी ठेवायचे, मग लावणीतला 'मी' कोणाचा यावर बोलायचे आणि उरलेला वेळ 'कोल्हाट्याचं पोर'मधली काही पाने वाचायची, असे ठरवले आहे. पार्क चौक यांचा इशारा मान्य आहे, आणि तो मी आईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "चौदांत गडी किती, ते मलाबी विचारायचं हुतं, पण त्या वेळी सगळे गडीच बसलेवते."

मोडनिंबच्या ताई, एक विनंती आहे. आमची पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. आत्याबाईंची प्रकृती आणि इच्छा असेल, तर त्या येतील का? आमच्या बोलण्यात चूक असेल तेथे त्यांनी आम्हाला अडवावे. जाण्या-येण्याची सोय मी करीन, आणि एरवी आम्ही वक्त्याला जे मानधन देतो ते त्यांनाही रीतसर देऊ.

मोडनिंबची लेक

सर, आत्याला विचारले. पहिल्यांदा ती नाहीच म्हणाली. घरातल्या दिवाणखान्यात आपल्याला बोलावतात ते कशासाठी, याचा तिला अनुभव आहे. मग तुमच्या आईंचा माळवदावरून ढोलकी ऐकण्याचा मजकूर तिला वाचून दाखवला, तो तिने दोनदा वाचायला लावला. येते म्हणाली आहे. मानधन पाकिटात घालून पाठीमागून देऊ नये, सगळ्यांसमोर हातात द्यावे आणि पावतीवर सही घ्यावी, असे तिने सांगितले आहे. आणि दुसरी अट, बोलणे संपल्यावर कोणीही 'आता एखादी होऊन जाऊ द्या' असे म्हणायचे नाही.